लक्ष्य तेच, धनुष्य हलकं



आजचं वाचन : मुंडकोपनिषद, दुसरं मुंडक, दुसरा खंड, मंत्र 3 आणि 4.
सोबत : भगवद्गीता, अध्याय 12, श्लोक 8 ते 11.

गेले काही दिवस आपण मुंडकोपनिषद थोडं थोडं वाचतोय. जे आजच आलेत त्यांच्यासाठी दोन ओळी. हे अथर्ववेदातलं उपनिषद. तीन मुंडकं, प्रत्येकात दोन खंड, एकूण 64 मंत्र. शौनक नावाचा एक मोठा गृहस्थ अंगिरस ऋषींकडे जातो आणि विचारतो, की नेमकं काय जाणलं म्हणजे बाकीचं सगळं जाणल्यासारखं होतं? विचारणारा गृहस्थ आहे, संन्यासी नाही, हे लक्षात ठेवा. घर, माणसं, जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या माणसाला हे उत्तर दिलंय. म्हणजे ऑफिस आणि ट्रॅफिक सांभाळणाऱ्या आपल्यालाही ते चालेल!

आजच्या दोन मंत्रांत ऋषी एका धनुर्धराचं चित्र काढतात. त्याच्या हातात उपनिषदांचं धनुष्य आहे, आणि पुढच्याच मंत्रात ते धनुष्य म्हणजे प्रणव, ॐकार, असा उलगडा होतो. बाण कुठला? तर आपण स्वतः. आणि लक्ष्य? कधीही न झिजणारं अक्षर ब्रह्म. हा बाण आधी उपासनेच्या सहाणेवर घासून धारदार करायचा, मग धनुष्याला लावायचा, मन लक्ष्यात बुडवून ओढायचा आणि बेसावध न राहता सोडायचा. बाण जसा लक्ष्यात शिरला की वेगळा उरत नाही, तसं आपणही उरायचं नाही.

चित्र इतकं देखणं आहे की आपण पटकन शेवटाकडे पळतो. एकरूपता, समाधी वगैरे. आज शेवटाकडे नको जाऊया. आज फक्त एवढंच पाहूया, की ऋषींनी धनुर्धराकडून काय मागितलंय आणि काय मागितलेलं नाही.

मागितलंय ते असं. बाणाला धार असावी. ओढताना मन लक्ष्याशी असावं. आणि गाफीलपणा नसावा. संस्कृत शब्द आहे ‘अप्रमत्त’, म्हणजे ज्याला प्रमाद शिवत नाही असा, सावध. झालं. धनुष्य किती वजनाचं असावं, याबद्दल एक अक्षर नाही. धनुर्धर तरुण असावा, पिळदार दंडाचा असावा, याबद्दलही नाही.

हा मंत्र मी पूर्वीही वाचला होता. पण काय मागितलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं ते यंदा, खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर.

खांदा

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी पारंपरिक तिरंदाजी करते. बांबूचं धनुष्य. ऑलिंपिकमध्ये दिसतात त्या धनुष्यांना नेम धरायची साइट असते, तोल राखणाऱ्या दांड्या असतात. आमच्या धनुष्याला यातलं काहीच नसतं. बांबू, दोरी, बाण आणि तुम्ही. देशात राष्ट्रीय पातळीवर ‘इंडियन राउंड’ नावाने या बांबूच्या धनुष्याची वेगळी स्पर्धाही होते. मी स्पर्धेतली नाही. माझ्यासाठी ती सकाळची पूजाच होती. ओढताना श्वास आत, मनात ॐ, आणि सोडताना काहीच नाही.

गेल्या आषाढात भर पावसात दुचाकी घसरली आणि मी उजव्या खांद्यावर पडले. बाकी खरचटण्यावर निभावलं, पण हात वर जाईना. तपासणीत कळलं की रोटेटर कफ फाटलाय. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा असतो. तो चेंडू बशीत धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू आणि त्यांचे कंडरे करतात. त्यातला वरचा कंडरा हाडापासून सुटला होता. श्रावणात ऑपरेशन झालं, कंडरा पुन्हा हाडाला शिवला गेला.

शिवणं हे डॉक्टरांचं काम होतं, जुळणं हे शरीराचं. कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो सावकाश भरतो. पहिले 6 आठवडे हात झोळीत. तेव्हा खांदा स्वतःच्या ताकदीने हलवायचासुद्धा नाही. वाकून हात लोलकासारखा सैल झुलवायचा, इतकंच. मग हळूहळू हात स्वतः वर न्यायला शिकायचं. ताकदीचे व्यायाम साधारण 12 आठवड्यांनंतर, तेही रबराच्या पट्टीने. माझं जुनं धनुष्य होतं 38 पाउंडांचं. म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर साधारण 17 किलो भार. एका सकाळी 60 बाण मारले तर खांद्याने तुकड्यातुकड्याने 1000 किलोंच्या वर ओढलेलं असायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ‘धनुष्य हातात घ्याल, हे नक्की. ते जुनं वजन परत येईल का, ते आज सांगता येणार नाही.’

त्या वाक्याने माझी झोप उडवली. दुखण्यामुळे नाही. प्रश्न असा पडला, की मी देवाला जे रोज अर्पण करत होते तेच काढून घेतलं गेलं, तर आता अर्पण काय करायचं?

तुमच्यातल्या कितीतरी जणांचे मेसेज याच प्रश्नाचे असतात, फक्त खांद्याच्या जागी दुसरं काहीतरी असतं. बाळ झाल्यापासून पहाटेचं ध्यान सुटलं. नाइट शिफ्ट लागली आणि पारायण राहिलं. गुडघा गेला, वारी बंद झाली. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत आणि पोथी उघडली तरी अक्षरं आत जात नाहीत. आधी मी इतकं करायचो, आता काहीच होत नाही. मग मी भक्त उरलो का?

कृष्ण धनुष्य हलकं करत जातो

आता गीतेचा बारावा अध्याय उघडा. आठव्या श्लोकापासून पुढचे चार श्लोक सलग वाचा, आणि हे एका धनुर्धराला सांगितलंय हे डोक्यात ठेवून वाचा.

आधी भगवान सर्वांत जड धनुष्य पुढे करतात : मन आणि बुद्धी, दोन्ही माझ्याच ठिकाणी ठेव. लगेच पुढच्या श्लोकात म्हणतात, हे स्थिरपणे जमत नसेल, तर अभ्यासाने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून माझ्याकडे ये. थोडं हलकं धनुष्य. तेही पेलवत नसेल तर? मग माझ्यासाठी कामं कर, तेवढ्यानेही तुला सिद्धी मिळेल. आणखी हलकं. आणि हेसुद्धा झेपत नसेल तर? तर जे काही करतोस त्याच्या फळावरचा हक्क सोड.

चार श्लोक, चार वजनं. आणि गंमत बघा, धनुष्य हलकं करताना भगवान एकदाही रागावत नाहीत. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असं म्हणत नाहीत. तेही कोणाला? ज्याच्यापेक्षा मोठा धनुर्धर त्या रणांगणावर नव्हता, त्या अर्जुनाला. ‘तुला जमलं नाही तर’ हे शब्द त्याला ऐकवायला भगवंतांना संकोच वाटत नाही आणि ते ऐकून अर्जुनाचाही अपमान होत नाही.

आणि ज्या गोष्टीला ते हात लावत नाहीत ती गोष्ट म्हणजे लक्ष्य. चारही श्लोकांत पोचायचं ठिकाण तेच आहे. हलक्या धनुष्यवाल्यासाठी जवळचा, सोपा, दुय्यम देव असं काही नाही. म्हणून आजच्या चिंतनाला हे शीर्षक दिलं : लक्ष्य तेच, धनुष्य हलकं.

आपण नेमकं उलटं करतो. वजन धरून बसतो आणि लक्ष्य सोडून देतो. ‘16 माळा होत नाहीत, मग एक करून काय उपयोग?’ असं म्हणून जपमाळ कपाटात जाते. खरं तर 16 हा आकडा धनुष्याचं वजन होता. नाम हे लक्ष्य होतं. वजन पेलेनासं झालं म्हणून आपण लक्ष्याकडेच पाठ फिरवली!

झोळीतले दिवस

6 आठवडे हात झोळीत असताना मला आरतीचं ताट ओवाळता येत नव्हतं. आई ओवाळायची आणि मी डाव्या हाताने घंटा वाजवायचे. खंडेनवमीला शस्त्रपूजनासाठी धनुष्य पाटावर ठेवलं, तेव्हा झोळी सुटून थोडेच दिवस झाले होते. हळदकुंकू वाहिलं तेही डाव्या हाताने. पूर्वी त्या दिवशी पूजा झाली की धनुष्य आवर्जून हाती घ्यायचे. यंदा फक्त नमस्कार.

दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो. त्यामागची कथा आपल्याला पाठ आहे, पण ती धनुर्धराच्या बाजूने क्वचित ऐकतो. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवली. गांडीवसुद्धा. पुढचं अख्खं वर्ष अर्जुन विराटाच्या राजवाड्यात बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य आणि गायन शिकवत होता. त्या वर्षात धनुष्य नाही, बाण नाही, कोणी ‘पार्थ’ म्हणून हाक मारणारंही नाही. मुदत संपली, शत्रू सीमेवर आला, गांडीव झाडावरून खाली उतरलं आणि अर्जुनाने दोरी चढवली.

ते वर्ष वाया गेलं असं महाभारत म्हणत नाही. त्या वर्षात धनुष्याला हात न लावणं हीच त्याची प्रतिज्ञा होती, तेच त्याचं कर्तव्य होतं. माझ्याबाबतीतही पहिल्या 6 आठवड्यांत खांदा न हलवणं हाच सराव होता. तेव्हा जो जोर दाखवतो त्याचे टाके सुटतात. सहाव्या अध्यायात भगवान योग्याला जेवणात, झोपेत, हालचालीत मोजकं राहायला सांगतात. आपण ते उपास करणाऱ्यांसाठी आहे असं समजून पुढे जातो. विश्रांतीची वेळ असताना विश्रांती घेणं हेही त्यात आलंच. तुमच्या झोळीतल्या दिवसांना ‘साधना बंद आहे’ असं नाव देऊ नका. शमीवर ठेवलेलं धनुष्य हरवलेलं नसतं.

पुन्हा हातात

माघात मैदानावर परत गेले. सरांनी माझं धनुष्य बाजूला ठेवलं आणि कोपऱ्यातलं एक छोटं उचलून दिलं. 16 पाउंड. लहान मुलांना पहिल्या दिवशी देतात ते. शेजारी आठेक वर्षांचा एक मुलगा हुबेहूब तसंच धनुष्य घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, तुम्ही पण नवीन आहात का?’

मी म्हटलं, ‘हो रे.’ तोंडातून निघालं आणि बरं वाटलं.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत आजच्या मंत्रातला एकेक शब्द मला नव्याने वाचायला मिळाला. तीन गोष्टी सांगते.

पहिली. सुरुवातीला बाण लावायचाच नाही. धनुष्य अर्धं ओढायचं, क्षणभर थांबायचं आणि तितक्याच सावकाश दोरी परत जागेवर आणायची. रिकामी दोरी सोडून द्यायची नाही. बाणाशिवाय सोडली तर सगळा जोर बांबूतच परत जातो आणि धनुष्य फुटू शकतं. ओढलेलं परत आणणं हे सोडण्यापेक्षा अवघड असतं. सोडायला एक क्षण लागतो, परत आणताना खांद्याला पूर्ण रस्ताभर जागं राहावं लागतं.

सौप्तिक पर्वातली गोष्ट आठवा. अश्वत्थामा आणि अर्जुन, दोघांनीही ब्रह्मशिर अस्त्र सोडलं. जग जळायची वेळ आली तेव्हा नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, मागे घ्या. अर्जुनाने घेतलं. अश्वत्थाम्याला घेता आलं नाही. विद्या दोघांकडे होती, गुरूही एकच, द्रोण. फरक परत आणण्याच्या ताकदीत होता. महाभारत सांगतं, की ज्याचं जीवन व्रताने शुद्ध झालंय त्यालाच ते अस्त्र मागे घेता येतं. आपलंही रोजचं अस्त्र असतं. रागाने टाइप केलेला मेसेज, जिभेवर आलेला टोमणा. तो ओढून झालाय, बाण लागलाय, आणि तरी सावकाश परत आणता येणं, हीसुद्धा धनुर्विद्याच आहे. अप्रमत्त म्हणजे नेम चुकवत नाही तो, एवढाच अर्थ मी आधी लावत होते. कुठला बाण सोडायचा नाही हे ज्याला त्या क्षणी आठवतं, तोही अप्रमत्तच.

दुसरी. मग बाण आला, पण लक्ष्य नाही. गवताच्या जाड गठ्ठ्यापुढे जेमतेम 4 मीटरवर उभं राहायचं. त्यावर रंगीत वर्तुळं नाहीत, गुण नाहीत. कधी कधी तर सर डोळेही मिटायला सांगतात. गठ्ठा इतका जवळ की बाण चुकणार नाहीच. मग पाहायचं काय? पाय, श्वास, कोपर, बोटं. आपली जुनी शास्त्रंही इथूनच सुरू होतात. अग्निपुराणात धनुर्वेदाचा भाग आहे, त्यात नेमाच्या आधी समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशी उभं राहण्याची स्थानं सांगितलीत. आधी उभं राहायला शिका, मग मारा.

उपनिषदातही लक्ष्याचा भेद नंतर येतो, बाणाला धार लावणं आधी येतं. ती धार उपासनेने येते, म्हणजे रोज जवळ जाऊन बसण्याने. उपासना या शब्दात ‘जवळ बसणं’ आहेच. अनुभव नाही, आनंदाश्रू नाहीत, ‘आज ध्यान छान लागलं’ असं सांगण्यासारखं काही नाही. नुसतं बसणं. कित्येकदा आपल्याला वाटतं की जप यांत्रिक झालाय. तसे दिवस हे गुण न मोजता गवतात मारलेले बाण असतात. लक्ष्य दिसत नाही म्हणून धार लागत नाही, असं नाही.

आणखी एक. हलकं धनुष्य चुका लपवत नाही. जड धनुष्याची दोरी बोटांतून स्वतःच्या जोराने निसटते, बोटं थोडी आखडलेली असली तरी खपून जातं. 16 पाउंडांना तेवढा जोर नसतो. बोटं जरा अडखळली की बाण लगेच तिरका जातो. माझी सोडण्याची पद्धत किती ओबडधोबड आहे हे मला या धनुष्याने दाखवलं. छोट्या साधनेचंही असंच असतं. पारायणाच्या सात दिवसांत वातावरणच आपल्याला ओढून नेतं. रोजच्या पाच मिनिटांत ओढणारं कोणी नसतं. मन किती इकडेतिकडे जातं ते तिथेच कळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. फिजिओ रोज एकच वाक्य म्हणायच्या, ‘हाताने ओढू नका, पाठीने ओढा.’ ओढताना दोन्ही खांद्यांमागची चपटी हाडं एकमेकींकडे सरकली पाहिजेत. मग भार पाठीच्या मोठ्या स्नायूंवर जातो आणि नव्याने जुळलेला कंडरा वाचतो. हात फक्त दोरी आणि पाठ यांना जोडणारा दुवा. दंडाने ओढाल तर तो लवकर थरथरेल.

गंमत अशी की पाठ आपल्याला दिसत नाही. दंड दिसतो, आरशात दिसतो, फोटोत दिसतो, म्हणून भरवसा दंडावर. जे खरं उचलून धरतं ते मागे असतं. अर्जुनाच्या रथात तो सारथी पुढे बसला होता एवढाच फरक! ‘मी करतो’ हा दंड आहे. त्याला थोडं सैल सोडलं आणि भार मागच्यावर टाकला, की तेच धनुष्य अर्ध्या कष्टात ओढलं जातं. शरणागती म्हणजे हात सोडून बसणं नव्हे. हात दोरीवर असतो, बोटं आपलं काम करत असतात, फक्त भार कुठे टाकायचा हे कळलेलं असतं.

आणि जुनं वजन परत आलंच नाही तर?

आज चैत्रात मी 20 पाउंडांवर आहे. 38 येईल की नाही, ठाऊक नाही. म्हणून हा प्रश्न टाळून चालणार नाही. ‘धीर धरा, सगळं पूर्वीसारखं होईल’ असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण शास्त्रही तसं वचन देत नाही.

गीतेची सुरुवातच एका धनुर्धराच्या हातून धनुष्य निसटण्याने होते. अर्जुनाचे हातपाय गळतात, अंग कापतं, गांडीव हातात राहत नाही, आणि तो रथात बसून जातो. अठराव्या अध्यायात तो पुन्हा उभा राहतो आणि शेवटच्या श्लोकात संजय त्याला धनुर्धर म्हणूनच ओळखतो. म्हणजे अख्खी गीता ही एका धनुर्धराच्या परतण्याची कहाणी आहे. हे आपल्याला आवडतं. आपण इथेच थांबतो.

पण महाभारत इथे थांबत नाही. मौसल पर्वात, श्रीकृष्ण गेल्यानंतर, अर्जुन द्वारकेतल्या स्त्रिया-मुलांना घेऊन निघालेला असताना वाटेत लुटारू हल्ला करतात. गांडीवाला दोरी चढवायला त्याला कष्ट पडतात. अस्त्रं आठवेनाशी होतात. अक्षय म्हणवणारे बाण संपतात. हात तोच, धनुष्य तेच. मग महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी समोर येतो आणि आठवण करून देतो, की हे धनुष्य मी तुझ्यासाठी वरुणाकडून आणलं होतं, आता परत दे. अर्जुन गांडीव आणि दोन्ही भाते पाण्यात सोडतो.

खांडववनाच्या वेळी मिळालेली ती वस्तू उसनी होती! गांडीव कधीच अर्जुनाचं नव्हतं. मग त्याचं स्वतःचं काय होतं? सख्य. कृष्णाशी जडलेलं नातं. गीता सांगताना भगवंतांनी ज्ञान देण्याचं कारण ‘तू उत्तम धनुर्धर आहेस’ हे दिलेलं नाही. चौथ्या अध्यायात कारण दिलंय ते एवढंच, की तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस.

माझा खांदाही उसनाच. तुमचा पहाटेचा उत्साह, पाठांतराची शक्ती, तासभर मांडी घालून बसणारे गुडघे, सगळं उसनं. काही परत मिळेल, काही मिळणार नाही, आणि एक दिवस सगळंच पाण्यात सोडायचंय. हे ऐकून उदास वाटलं तर तेही ठीक आहे, मलाही वाटलं होतं. पण त्यातच माझ्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर निघालं. 38 पाउंड हे माझं अर्पण नव्हतंच. ते तर त्यांचंच होतं. माझ्याकडे देण्यासारखं होतं ते फक्त लक्ष, आणि ते 16 पाउंडांवरही पूर्ण देता येतं.

राहिला एक प्रश्न : मधले महिने गेले त्यांचं काय? हा प्रश्न अर्जुनानेच सहाव्या अध्यायात विचारून ठेवलाय. वाटेत अडकलेला साधक फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना? भगवान म्हणतात, नाही. भलं करणाऱ्याची गती वाईट होत नाही. पुढच्या जन्मातसुद्धा त्याला मागच्या बुद्धीचा धागा सापडतो आणि पूर्वीचा अभ्यासच त्याला पुढे ओढून नेतो. जन्म बदलला तरी धागा तुटत नाही, मग एका पावसाळ्याने काय तुटणार? सहा महिन्यांनी धनुष्य धरलं तेव्हा ताकद नव्हती, पण पाय आपोआप जागेवर गेले. कोणी सांगावं लागलं नाही. तुम्हीही बरेच दिवस बंद असलेली पोथी उघडून बघा. कुठल्या पानावर खूण होती, ते बोटांना आठवतं.

आजचा संकल्प

1. तुमचं बंद पडलेलं एक साधन निवडा. त्याचं जुनं वजन किती होतं ते कागदावर लिहा. त्याखाली आज, या शरीराने, या दिनक्रमात जे खरंच पेलवेल ते वजन लिहा. पाच मिनिटं, एक माळ, एक श्लोक. लाजू नका, बाराव्या अध्यायाची परवानगी आहे.

2. ते 21 दिवस, ठरलेल्या वेळी करा. वाढवू नका. पहिल्या आठवड्यात उत्साहाने दुप्पट करावंसं वाटेल. तेव्हा नव्याने जुळणारा कंडरा आठवा.

3. रोज एकदा तरी ओढलेला एखादा बाण, एखादा शब्द, सावकाश परत भात्यात ठेवा.

ज्यांचं दुखणं शरीराचं किंवा मनाचं आहे त्यांनी डॉक्टर आणि औषध यांना साधनेच्या विरोधात उभं करू नका. व्यायाम किती आणि कधी हे तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं. माझं वेळापत्रक माझ्या खांद्याचं आहे, तुमचं वेगळं असेल.

हे भगवंता, आम्हाला पेलेल तेवढंच धनुष्य दे, आणि लक्ष्य मात्र तुझ्याशिवाय दुसरं ठेवू नकोस.

उद्या याच खंडातला पाचवा मंत्र घेऊ. तोवर सावध राहा, आनंदात राहा.

हरिः ॐ तत्सत्.